नियमावर बोट ठेवून

लग्नानंतरची कितीतरी वर्षं आमच्या घरात सायकल ही माझी गोष्ट होती. मी अमरावतीकडचा. पुण्यात आयटी कंपन्या भराभर उघडत होत्या त्या काळात इथे आलो, धायरीत फ्लॅट घेतला, खुर्चीत बसून बसून पोट सुटलं आणि डॉक्टरांनी डोळे वटारल्यावर सायकल घेतली. बायको कसबा पेठेतली, शाळेत गणित शिकवणारी. माझे घट्ट कपडे, हेल्मेट, मनगटावरचं घड्याळ बघून ती म्हणायची, "आमचे बाबाही रोज सायकल चालवायचे हो. पण ते ऑफिसला जायचे, मोहिमेवर नाही."

मला त्या टोमण्याचा राग यायचा नाही. सोसायटीत मला 'सायकलवाले' म्हणत, आणि तेवढं मला पुरत होतं. कंपनीत माझ्याबरोबर लागलेले लोक अमेरिकेला जाऊन आले, साहेब झाले. मी होतो तिथेच होतो. पण रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी मी त्यांच्यातल्या कोणापेक्षाही आधी पोहोचत असे.

मग एकदा तिची स्कूटर बिघडली आणि ती माझी जुनी सायकल घेऊन शाळेत गेली. स्कूटर दुरुस्त होऊन आली तरी सायकल काही परत मिळाली नाही. सहा महिन्यांत ती माझ्याबरोबर खडकवासल्याला यायला लागली. वर्षभरानं, बोपदेव घाटात, मी धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा ती कठड्यावर बसून संत्रं सोलत होती. तिनं अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं आणि काळजीनं विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

टोमणा असता तर चालला असता. ती काळजी मात्र मला जिव्हारी लागली.

त्यानंतर मी जे जे केलं ते लिहायला संकोच वाटतो. ती किती किलोमीटर गेली ते मी चोरून तिच्या फोनवर बघायचो. ती सर्दीनं झोपली की मला हुरूप यायचा. एकदा लिफ्टमध्ये एका शेजाऱ्यानं मला त्याच्या पाहुण्याला दाखवलं, "हे आपल्या सायकलवाल्या मॅडमचे मिस्टर." मी हसलो, आणि दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही.

म्हणून मी ग्रॅव्हल सायकल घेतली. वाकडं हँडल रेसच्या सायकलीसारखं, पण टायर जाड आणि खाचांचे, डांबर संपलं तरी पुढे जाणारी. मातीच्या रस्त्यांवर ताकद लागते, तिथे बायकोचं काही चालणार नाही, असा माझा हिशेब. त्याच हिशेबानं मी एका लांब राइडला नाव दिलं. लोणी काळभोरहून निघायचं, कालव्याच्या कडेनं, शेतांच्या मधून, सुपे, फलटण, दहिवडी करत नीरा आणि सासवडवरून परत. चारशे किलोमीटर, दोन दिवस. सोबत गाडी नाही. घरच्यांनी वाटेत डबा आणून द्यायचा नाही. चालवणाऱ्यांनी एकमेकांना काहीही द्यायचं नाही. जे वाटेतल्या दुकानात, हॉटेलात, हापशावर कोणालाही मिळेल तेवढंच घ्यायचं. ज्याचं ओझं त्यानं वाहायचं.

जेवताना मी हे सांगितलं. तिनं नियमांचा कागद मागून घेतला, परीक्षेचा पेपर तपासावा तसा शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "मीही येते."

"शाळा?"

"सुट्टी आहे."

तिनं स्वतःच्या पसंतीनं तशीच सायकल घेतली. पुढचे तीन महिने आम्ही एकाच घरात राहून वेगवेगळी तयारी केली. मी टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा कापून बॅगेत ठेवला. तिला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणत होतो.

पहाटे लोणीतल्या एका कॉलेजच्या फाटकापासून चाळीसेक जण निघालो. यवतच्या आधीच ती मला दिसेनाशी झाली. मातीवर ताकद लागते हे खरं, पण अंग सैल सोडावं लागतं हे मला माहीत नव्हतं. मी हँडल आवळून प्रत्येक दगडाशी भांडत होतो. दुपारभर मला समोर फक्त तिच्या टायरची रेघ दिसत होती. चाळीस जणांच्या रेघांतून मी ती बरोबर ओळखत होतो, किंवा तसं मला वाटत होतं.

सुप्याच्या पुढे, ऊन उतरताना, कालव्याच्या भरावावर तिची सायकल उलटी ठेवलेली दिसली. ती शेजारी मांडी घालून बसली होती. टायरची कड बोटभर फाटली होती. नवी ट्यूब टाकली तरी त्या फटीतून फुगा बाहेर यायचा.

तेव्हा मला आनंद झाला. काळजी वाटायच्या आधी, पाय जमिनीला लागायच्याही आधी, आनंद झाला.

"काय झालं?" मी विचारलं. दिसत होतंच.

"कड फाटलीये. बघते काहीतरी." तिनं वर बघितलं. "तुम्ही थांबू नका. नियम आहे."

"हो ना," मी म्हणालो. "नियम आहे."

नियम होताच. पण त्या टायरच्या तुकड्याचं वजन मला पाठीवर स्पष्ट जाणवत होतं. मी पाणी प्यालो आणि निघालो. 'सांभाळून ये' एवढंही म्हणालो नाही. पुढचे वीस किलोमीटर मी आयुष्यात चालवली नसेल इतकी जोरात सायकल चालवली. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

त्या रात्री एका समाजमंदिरात चार तास झोपलो. सकाळी दहिवडीत चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "एकलेच हाय का सायब?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मागं एक बाई बी हायत म्हणं सायकलवर. लई नेटाच्या हायत." मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्या घाईनंच माझा घात केला. दुपारी, नीरेच्या अलीकडे, उसाच्या शेतांमधून जाताना उजव्या गुडघ्यात कळ आली. पायडल मारता येईना, मग चालता येईना. मी बांधावर बसलो. गुडघा माझ्यासमोर फुगत गेला.

तासाभरानं ती आली. तिच्या पुढच्या टायरच्या फटीतून कसलातरी निळा कागद दिसत होता. वाऱ्यानं फाटून शेतात पडलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स तिला सापडला होता. त्याची चार पदरी घडी तिनं टायरच्या आत घातली होती. त्यावर ती दोनशे किलोमीटर आली होती.

तिनं सायकल आडवी टाकली आणि माझ्या शेजारी बसली.

"जा तू," मी म्हणालो. "नियम आहे."

"द्यायचं नाही असा नियम आहे. बसायचं नाही असा नाही."

ती पंधरा-वीस मिनिटं बसली. तेवढ्यात दोघं जण आमच्यासमोरून पुढे गेले. तिनं त्यांच्याकडे बघितलं, पण उठली नाही. गुडघा बघून एवढंच म्हणाली, "आज पुढे जाऊ नका." मला ते सहन होईना. तिनं कालचं काही विचारलं असतं, भांडली असती, तर बरं झालं असतं. शेवटी मीच चिडून म्हणालो, "अगं, जा ना आता!" मग ती गेली.

मी लंगडत डांबरी रस्त्यापर्यंत आलो. टोमॅटो घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं मला सायकलसकट लोणीला सोडलं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाकीचे थांबले तरी वाजवत राहिलो. लोकांना ते प्रेम वाटलं असावं. थोडं ते असेलही, पण बाकीचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

महिन्याभरानं आमच्या कंपनीत महिला दिनाचा कार्यक्रम होता. एचआरच्या मुलींनी पाहुणी म्हणून तिला बोलावलं. माझ्याच कंपनीत! मी शेवटच्या रांगेत बसलो. ती फ्लेक्सची गोष्ट सांगत होती आणि माझ्या टीममधली मुलं पोट धरून हसत होती. माझा गुडघा कसा आहे हे त्यांच्यातल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "मॅम, टायर फाटला तेव्हा सर सोबत होते का?"

तिनं शेवटच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाली, "होते. माझ्या पुढे होते."

सगळ्यांना ते कौतुक वाटलं. दोघं-तिघं माझ्याकडे वळून हसले.

परतताना गाडीत, वडगावच्या पुलापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना, मी तिला सांगितलं. माझ्या बॅगेत तुकडा होता हेही सांगितलं, आणि तिला बसलेलं पाहून मला आनंद झाला होता हेही.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "तोंडावर होतं तुमच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस मुलांच्या वर्गात रोज तसं एक तोंड असतं हो. शेजारच्याला कमी मार्क मिळाले की खुलणारं. त्याला काय बोलायचं?" मग समोरच्या बसकडे बघत ती म्हणाली, "तुकड्याचं मला काही नाही. दिला असतात तरी मी घेतला नसता. पण तुम्ही मागे वळूनही बघितलं नाहीत, ते मला लागलं."

मी माफी मागितली. तिनं मान डोलावली. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही.

ती आता सहाशे किलोमीटरच्या तयारीत आहे. माझा गुडघा बरा आहे, पण मी नाव दिलेलं नाही. रविवारी पहाटे ती निघते तेव्हा मी गॅलरीत उभा राहतो. मत्सर अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत मात्र मी आत जात नाही.