आमच्या रिसॉर्टचे पहिले पाहुणे

महाडकडच्या कापडे गावाच्या वरच्या माळावर एकदा माझी अशी फजिती झाली की आजही आठवलं तर एकटाच हसत बसतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील... आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलंच स्वतंत्र काम.

राखीव जंगलाला लागून आठ कॉटेजेस बांधायची होती. एकही झाड तोडायचं नाही, डोंगर कापायचा नाही, हा हट्ट माझाच. चार दिवस झाडं मोजत फिरलो आणि मधोमध एक सपाट, सावलीची, रिकामी जागा सापडली. स्वारी स्वतःवर जाम खूश!

मुंबईचे शेठ जागेवर प्लॅन बघायला येणार होते. त्यांना पटला नाही तर काम गेलंच. म्हणून सकाळीच पांढऱ्या फक्कीने सगळ्या खोल्या जमिनीवर आखल्या आणि त्यांना आणायला महाडला गेलो.

दुपारी शेठना घेऊन परतलो, बघतो तर... आठही कॉटेजेस फुल्ल! चाळीसेक गुरं निवांत रवंथ करत बसलेली. एक म्हैस तर थेट बाथरूममध्ये आडवी. नकाशाची गुंडाळी घेऊन हाकलायला धावलो, पण एकही जागची हलली नाही.

वरच्या वाडीतली एक मावशी काठी टेकून गंमत बघत होती. गुरं तिच्याच वाडीची.

"अरे बाबा, ही गोठण हाय. दुपारची गुरं हितंच बसतात, माझ्या सासूच्या आधीपास्नं. तुझ्या रेघांनी ती उठायची नाय."

मग खालच्या उतारावर बांधू का, मी रडवेल्या आवाजात विचारलं.

"तिकडं पावसात जमिनीतनं पानी फुटतं. गुरंसुद्धा पाय नाय ठेवत. त्या कडंच्या कातळावर बांध की."

शेठनी मावशीला एवढंच विचारलं, "ही रोज येतात?"

"रोज!"

शेठ माझ्याकडे वळले. "मग सगळ्या खिडक्या या गुरांच्या बाजूला घ्या."

कॉटेजेस कातळावर झाली, गोठण गुरांकडेच राहिली. झाड न् झाड मोजणाऱ्या मला, इथे कोण येतं-जातं हे एकाही माणसाला विचारायचं सुचलं नव्हतं, याची मात्र खरंच लाज वाटली.

तेव्हापासून नव्या साइटवर पहिल्या दिवशी मी टेप बाहेरच काढत नाही. सावली बघून संध्याकाळपर्यंत नुसता बसतो, येईल-जाईल त्याच्याशी गप्पा मारतो... मनातल्या मनात मावशीला नमस्कार करतो. क्लायंटला वाटतं, माणूस आळशी आहे. वाटू दे!