ताण हलका करणारा सीनियर

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आम्हा नव्या पोरांचा ताण हलका करायला कॉलेजनं प्रत्येकाला एकेक सीनियर नेमून दिला होता. त्याच्यापाशी मन मोकळं करायचं, असा फतवाच निघाला. माझ्या वाट्याला आलेला सीनियर तर मायेचा पुतळाच! शहागंजातल्या टपरीवर चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "काय होतंय रे तुला?"

मी वैजापूरहून आलेलो, भोळसट. खरं सांगून बसलो, "दादा, झोपच येत नाय."

"मग बरंच झालं की," म्हणत त्यानं आपलं पॅथॉलॉजीचं जर्नल माझ्या मांडीवर टाकलं. त्यात गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी पेशींची चित्रं काढायची होती. "चित्रं काढली की मन शांत होतं बघ."

झालं की शांत, पण त्याचं. ढोंगी लेकाचा! त्याच्या पेशी रंगवता रंगवता माझं ॲनाटॉमीचं जर्नल अर्धवट राहिलं. सरांनी ते सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं. मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनाही एकदम माझा कळवळा आला.

"ताण आलेला दिसतोय तुला," ते म्हणाले. "आजच तुझ्या सीनियरला भेट."