रस्त्यावरचं भात

हे मराठीत लिहितोय, कारण काकूला मराठी वाचता येत नाही.

बोलते मराठीच. रागावते मराठीत, देवाशी भांडते मराठीत. अक्षरं मात्र फक्त तमिळ. आमच्या तंजावूरकडच्या बहुतेक मराठी घरांत हेच.

मला वाचायला शिकवलं तिच्या मुलानं, रघूनं.
गावातल्या कॉलेजात तो फिजिक्सचा गेस्ट लेक्चरर. रविवारी रिकाम्या वर्गात आम्हा चार थोराड माणसांकडून बाराखडी गिरवून घ्यायचा. बाकात गुडघे मावायचे नाहीत. "ळ" चुकला की हसायचा मेला.

आज त्याला जाऊन महिना झाला.

कॉलेजातून मोपेडवर घरी येत होता. कालव्याच्या वळणावर रस्त्यात भात वाळत घातलेलं. दाण्यांवरून चाक घसरलं, डोकं कठड्यावर आपटलं.
हेल्मेट घरी खुंटीला होतं.

कापणीत इथे सगळेच रस्त्यावर भात घालतात. डांबरावर लवकर वाळतं. कुणी कुणाला बोलत नाही.

ते भात रघूच्याच शेतातलं होतं.

त्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात माझ्यासमोर त्याला वाटेकऱ्याचा फोन आला, खळ्यात चिखल आहे म्हणून. रघू म्हणाला, "मग रोडवर घाल की. सगळे घालतात."
संध्याकाळी विसरला असेल. किंवा जाईल गाडी, म्हणाला असेल. तसाच होता तो.

गावाला सगळं माहीत आहे. चहावाल्याला, बसच्या कंडक्टरला, प्रिन्सिपलना, त्याच्या वर्गातल्या मुलींना. एरवी इथे कुणाच्या घरात भांडण झालं तर घटकाभरात कॉलेजच्या गेटवर कळतं. ही एक गोष्ट काकूपर्यंत कुणी जाऊ दिली नाही. तसं कुणी ठरवलंही नव्हतं.

दहाव्याला तिनं विचारलं, "कोणाचं भात रे तें?"

"ठाऊक नाहीं, काकू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसते. समोरून कॉलेजची पोरं बस धरायला जात असतात. त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हणते, "ज्यानं तें भात घालायला लावलं, त्याच्या घरांत दिवा लावायला कोणी उरूं नये."

पोरं मान खाली घालून पुढे जातात. मी शेजारी बसून ऐकतो. राग येतो, पण कुणाचा ते कळत नाही. कधीकधी तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

मग ती उठते आणि दिवा लावायला आत जाते. एकटीच.

रघू, तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस रे. कुणाला बोलतेय, ते तिला माहीत नाही.

जा बाबा. सुखानं जा.