कचरू मिस्त्रीच्या घरची फरशी

कचरू मिस्त्रीनं पुण्यात पस्तीस वर्षं फरश्या बसवल्या. दौंडाकडच्या खेड्यातनं आला तेव्हा थापी कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. पुढं पुढं असा तयार झाला, की पाणसळ न लावता नुसत्या नजरेनं ढाळ सांगायचा. आता दोन वर्षं झाली, कुठली फरशी घेऊ असं कुणी विचारलं तर म्हणतो, "दुकानात जा, तिथली पोरं सांगतील."

त्याची एक रीत होती. फरशी ठरायच्या आधी नमुन्याच्या चार फरश्या तो जमिनीवर मांडायचा, वर तांब्याभर पाणी ओतायचा आणि घरातल्या बाईला म्हणायचा, "चपला काढा बाई. चाला यावरनं." घर जी पुसती तिच्या पायानं फरशी निवडायची, हा त्याचा कायदा. बापे नुसता रंग बघतात, असं त्याचं म्हणणं.

कर्वेनगरच्या इंदुबाई, शाळेतनं निवृत्त झालेल्या, त्याला म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, मला फरशी घ्यायचीय. सर्कशीत भरती व्हायचं नाहीये."

"दुकानदार पडणार न्हाई बाई. कुणी पडलंच तर तुमी पडणार."

बाई नाक मुरडत चालल्या. तिसऱ्या फरशीवर पाय सटकला, कचरूच्या खांद्याला धरून सावरल्या. "ही नको," एवढंच बोलल्या आणि मातकट रंगाची, खरबरीत होती ती घेतली. पुढं त्यांनीच कचरूला दहा घरची कामं मिळवून दिली.

असा हा गडी. आणि चुकला तो स्वतःच्या घरात.

साठीला टेकल्यावर धायरीला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. त्याआधी तो आणि राधा अठ्ठावीस वर्षं वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत राहिले. खाली शहाबादी, तीही कुणाच्या तरी घरातनं उचकटून आणलेली, कोपरे उडालेली. राधानं त्या खोलीत दोन लेकरं वाढवली, एक पोरगा शिकून खराडीला नोकरीला लागला, पोरगी आम्रपाली कर्वेनगरला दिली.

नव्या घराची फरशी ठरवायची वेळ आली तेव्हा राधा म्हणाली, "आवं, खरबरीतच आणा. माझा पाय दिसभर वल्लाच आसतोय."

"सगळा जल्म दगडावर काढलास," कचरू म्हणाला. "लोकांच्या घरी मी आरसे बसवले. माझ्या घरी पुन्हा दगूड?"

नमुने मांडले नाहीत, पाणी ओतलं नाही. सरळ टेम्पो आणून दारात उभा केला. पांढरीशुभ्र, ग्लॉसी, दोन बाय दोनची फरशी. सहा दिवस गुडघ्यावर बसून स्वतः बसवली, सांध्यात नख जाईना.

नव्या घराच्या बुद्धवंदनेला पाहुणे आले तेव्हा बुद्धाची मूर्ती खाली फरशीतही दिसत होती. जो तो म्हणायचा, मिस्त्री, झकास. कचरू दारात उभा राहून ते ऐकत होता. राधा चहाचा ट्रे घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालली होती. त्यानं ते बघितलं होतं बरं का. बघून वर चारचौघांत म्हणाला, "नवी नवरी हायस व्हय, भिताडाला चिकटून चालतीस ती?" सगळे हसले. राधाही हसली.

चौथ्या महिन्यात ती धुण्याची बादली घेऊन गॅलरीकडं निघाली आणि पडली. कचरू आत शर्टाची बटणं लावत होता. आवाज ऐकून त्याला वाटलं, कुठंतरी फरशी निसटली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, सळई घातली, आणि आम्रपाली आईला आपल्याकडं घेऊन गेली. तिचं घर जुन्या इमारतीत, तळमजल्याला, खाली पिवळट मोझेक. महिन्या-दीड महिन्यात राधा वॉकर सोडून काठीवर आली.

इकडं कचरूनं घरातली सगळी फरशी काढली. बसवायला सहा दिवस लागले होते, उचकटायला अकरा लागले. काम पक्कं होतं ना. मग करड्या रंगाची, मॅट, पायाला चांगली धरणारी आणून बसवली आणि रिक्षा करून राधाला घेऊन आला.

राधा दारातनं आत आली. दोन पावलं टाकली. मग तिनं काठी सोडून चौकट धरली.

"बदललीय की गं," कचरू म्हणाला.

"दिसतीय. चांगली हाय."

"मग?"

"मला हितं चालाया येत न्हाई." चौकट न सोडता म्हणाली, "तवा इचारायचं व्हतं. लोकांच्या बायकांना इचारत व्हता की."

कचरू काठी उचलून रिक्षा थांबवायला गेला. त्याच रिक्षानं तिला परत पोचवून आला.

आता दर रविवारी तो बसनं कर्वेनगरला जातो. राधा काठी न घेता स्वयंपाकघरातनं चहा घेऊन येते, भरला कप, थेंब सांडत नाही. कचरू तिच्या पायांकडं बघत बसतो.

"च्या निवतोय," ती म्हणते.

आम्रपाली म्हणते, "पप्पा, तो फ्लॅट भाड्यानं द्या आणि तुम्हीही इकडंच या. जागा होईल." त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. राधा कधीतरी घरी येईल, असं त्याला वाटतं. राधाला तसं वाटत नाही, आणि तिनं ते लपवलेलंही नाही.