टाकीचं झाकण

वडील गेल्याला सव्वा महिना झाल्यावर मी त्यांची गाडी घोटावड्यातल्या मेकॅनिककडे नेली. तोवर मी रडले नव्हते. पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जात होते, डबा खात होते, कुणी भेटायला आलं की चहा टाकत होते. आत काही हलतच नव्हतं. एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या दिवशी गाडी माझ्यामुळे बंद पडली का.

त्या सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मी त्यांना घेऊन कोथरूडच्या दवाखान्यात निघाले. पिरंगुटच्या घाटात आधी गाडीची ओढ गेली, मग इंजिनच थांबलं. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरली. शेवटी एका टेम्पोवाल्यानं आम्हाला नेलं, पण पोचेपर्यंत ते गेले होते.

तेराव्याला नाशिकचा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "टर्बो गाडी आहे ती. चढाला खालच्या गिअरमध्ये घ्यायची असते. हिनं रेटून बंद पाडली." मला गाडी शिकून जेमतेम वर्ष झालेलं.

गाडी जुनी, डिझेलची. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं, त्याचा वडिलांना भारी तोरा. दारात उभ्या गाडीतून दोनदा डिझेल चोरीला गेलं तेव्हा त्यांनी बाजारातून टाकीला कुलपाचं झाकण आणून बसवलं होतं. त्याची किल्ली ते शर्टाच्या खिशात ठेवत. दवाखान्यानं परत दिलेल्या कपड्यांत ती होती.

मेकॅनिकनं डिझेलचा फिल्टर बदलला, इंजिनाकडे डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबून पाहिला, टर्बोचे पाइप चाचपले. "सुरू तर लगीच हुतीया, मॅडम. हितं डिझेलचा दाब बराबर हाय. घाटात ऱ्हातोय का, ते बघाया पायजे."

म्हणून घाटात गेलो. त्याच चढावर गाडी तशीच मेली. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि मला काहीही वाटलं नाही, याचीच मला लाज वाटली.

त्यानं मग मागून डिझेलचा पाच लिटरचा कॅन काढला. "सलाईन लावू हिला," म्हणाला. टाकीकडून येणारा पाइप सोडवून त्यानं कॅनची नळी थेट पंपाला जोडली, ती खिडकीतून आत घेतली आणि कॅन छातीशी उंच धरून माझ्या शेजारी बसला. "चला. त्या दिशी घातला हुता त्योच गिअर घाला."

गाडी चढ सहज चढून गेली. माझ्याच हातानं, त्याच गिअरमध्ये.

"तुमचा हात चांगला हाय," तो म्हणाला. "टाकीकडनं डिझेलच मिळंना, त्याला तुमी काय करनार?" आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून मी वाट पाहिली. वाटलं नाही.

त्यानं टाकीचा पाइप हवा मारून साफ केला, परत जोडला. भुगावपर्यंत जाऊन वळलो, पुन्हा खालून घाट धरला, तर पुन्हा तेच. तो उतरला. थोडा वेळ नुसता टाकीकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे झाकणाची किल्ली मागितली. झाकण सैल होताच टाकीनं जोरात हवा आत ओढली. मला आत बसून ऐकू आलं. "मारा स्टार्टर." दोन-तीन फेऱ्यांत गाडी सुरू झाली.

"ह्या झाकनाला हवेचं भोकच न्हाई. डिझेल जातंय तितं हवा नको याया? जवळच्या फेरीला कळत न्हाई, लांब चढाला टाकी डिझेल सोडत न्हाई. त्या दिशी नुसतं झाकन उघडलं असतं, तरी चालली असती." झाकण हातात फिरवत त्यानं विचारलं, "कुनी बसवलं हे?"

"मी," मी म्हणाले.

त्यानं झाकणाला बारीक भोक पाडून दिलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "काय निघालं गाडीत?"

वडिलांनी हौसेनं आणलेल्या त्या झाकणाचं त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. "काही नाही," मी म्हणाले. "तू म्हणालास तेच. गिअर चुकला माझा."

तो आवाज मऊ करून म्हणाला, "जाऊ दे. बाबांनी तुला कधी दोष दिला नसता."

"हो," मी म्हणाले, "मीही नाही देणार." कुणाला, ते त्यानं विचारलं नाही. फोन ठेवला आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा मला रडू आलं.