पाच नंबरची खुर्ची

छत्तीस वर्षं इस्पितळात काढून मेट्रनबाई निवृत्त झाल्या, पण इस्पितळ काही त्यांना सोडेना. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा गट सुरू केला, दर बुधवारी चार वाजता, तोही थेट वॉर्डासारखा. खुर्च्या दोन रांगांत, मध्ये हातभर अंतर, प्रत्येकीच्या पाठीवर चिकटवलेला आकडा. हाकही आकड्यानेच. "तीन नंबर, झोप किती तास? सात नंबर, जेवण गेलं का?" बाईंच्या लेखी ही माया होती. खाटेच्या नंबराने त्यांनी किती जणांना जिवापाड जपलं होतं! समोरच्याला मात्र आपला ताप तेवढा बघायचा राहिलाय असं वाटे.

पाच नंबर म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. बायको जाऊन चार महिने झालेले. पहिल्या बुधवारी ते गप्पच होते. दुसऱ्या बुधवारी आपणहून बोलायला लागले.

"घरी आलो की मी दोनदा बेल द्यायचो, गाडी सोडतात तशी. ती आतून ओरडायची, 'सोडली का गाडी?' आता किल्ली खिशात असते, तरी हात बेलकडे जातो..." आणि एवढा दणकट माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊ लागला.

बाई ताडकन उठल्या. "पाच नंबर, पाणी प्या. दीर्घ श्वास. डोळे पुसा. शाब्बास. हं, सहा नंबर!"

कंडक्टर मुकाट्याने पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले, आणि पुन्हा ते तिकडे फिरकले नाहीत. तीन बुधवार खुर्ची रिकामी राहिली. मग परगावी असलेल्या त्यांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, बाबा धड जेवत नाहीत. काल म्हणाले, आता उठून तरी करायचंय काय. मला फार भीती वाटतेय हो."

बाईंनी गटात विषय काढला. तीन नंबरच्या शिलाईवाल्या आजी नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आपणच घालवलं त्यांना. बोलायला लागले, तर पाणी पाजून गप्प केलं."

"रडून कुणी बरं झालंय का?"

"पण बाई, ते आजारी कुठे होते?"

बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. रात्रभर त्यांना राग येत राहिला. पहाटे लक्षात आलं, की राग स्वतःचाच आलाय. पण हातपाय गाळून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आपण बिघडवलंय, आपणच निस्तरायचं, असं ठरवून सकाळी त्या कंडक्टरांच्या दारात हजर झाल्या.

दाराशेजारी बेलचं बटण नव्हतंच. उपटून काढलं होतं, नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. बाईंनी दार ठोठावलं.

"बरा आहे मी. जा तुम्ही," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेवढंही नाही. चौथ्या दिवशी बाई दुखरे गुडघे सांभाळत जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि बंद दाराशी बोलू लागल्या.

"कंडक्टर, मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय. माझा नवरा माझ्याच वॉर्डात होता. बारा नंबर. तो गेला तेव्हा ड्यूटीवर मीच. वेळ लिहिली, चादर ओढली आणि तेरा नंबरकडे वळले. म्हटलं, घरी जाऊन रडू. घरी गेले, तर रडूच येईना. एकवीस वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही रडलात ना, तेव्हा मला सहन झालं नाही. म्हणून पाणी दिलं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं रडू आलं, आणि या वेळी बाईंनी ते अडवलं नाही.

दार उघडलं. दाढी वाढलेले कंडक्टर हातात पाण्याचा पेला घेऊन उभे होते. "बाई, पाणी..."

"पाणी नको हो. बसा नुसते."

ते पेला बाजूला ठेवून पायरीवर टेकले. दोघंही रडली, पोटभर, कसलीही लाज न बाळगता. वरच्या मजल्यावरचे शेजारी पिशव्या घेऊन जिना चढत होते, ते दचकलेच. "कुणी गेलं का हो?"

"गेलंय," कंडक्टर नाक पुसत म्हणाले. "एक पाच महिन्यांपूर्वी, एक एकवीस वर्षांपूर्वी. तुम्ही व्हा पुढे, इकडून जागा आहे."

बाईंना रडता रडता हसू फुटलं.

पुढच्या बुधवारी दुपारीच वाचनालयात जाऊन त्यांनी नखांनी खरवडून सगळे आकडे काढले. खुर्च्या गोल मांडल्या आणि त्यात एक जास्तीची, स्वतःसाठी. आजवर त्या कायम उभ्याच असायच्या. मग साडेतीनला त्या कंडक्टरांना आणायला निघाल्या.

दाराशेजारी नवं कोरं बटण बसवलेलं होतं. बाईंनी बोट पुढे केलं आणि बेल एकदाच वाजवली. दुसऱ्यांदा वाजवायला उचललेलं बोट त्यांनी मागे घेतलं. ती खूण त्या घरातल्या दोघांचीच होती.

"आलो, आलो," आतून खणखणीत आवाज आला. "चपला घालतोय."