‘जमत नाही’चं बटण

किस्से फक्त सरकारी कचेरीतच साठतात, असा निवृत्त होईपर्यंत माझा समज होता. मग वाशीमच्या आमच्या घराची पुढची खोली पल्लवीनं भाड्यानं घेतली. ती ॲप बनवते. हल्ली मी पेपर तिच्याच खोलीत वाचतो. करमणूक पेपरात कमी, खोलीत जास्त!

* * *

तिचं ॲप इथल्या जवळच्या शिरपूरकडच्या भाजीवाल्यांसाठी. टेम्पो मागवायचा, चालकानं होकार द्यायचा, भाजी वाशीमच्या बाजारात. पहिल्याच सकाळी ॲपनं चालकाला विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच भाजीवाल्या सुमनबाईंना कळवलं, ‘टेम्पो निघाला!’ टेम्पो होता चालकाच्या दारात. सडकेवर मेथी कोमेजली.

सुमनबाईंचा फोन आला, “पोरी, तुह्या फोनातला टेम्पो लय जोरात पयते! मेथी त्याच्यातच टाकू का?”

* * *

पल्लवीनं मला कोड दाखवला. एका कामाच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. ओळी सरकत सरकत पडद्याबाहेर!

“आमच्या कचेरीत याला ‘योग्य मार्गे सादर’ म्हणत,” मी म्हणालो.

“आणि काम व्हायचं?”

“फाईल जायची ना!”

* * *

मग तिनं सगळं प्रॉमिस वापरून लिहिलं. “काका, काम सांगितलं की हातात प्रॉमिस येतं, ‘काय झालं ते कळवतो’ असं वचन. काम झालं तर पुढची पायरी, फसलं तर काय करायचं तेही खाली लिहिलेलं. तोवर बाकीचं ॲप अडत नाही.”

ओळी एकाखाली एक, मलाही वाचता येतील अशा.

“फसलं तर काय, हे आधीच ठरवता?”

“हो.”

“मग सरकारी नोकरी तुला झेपायची नाही!”

* * *

आता ॲप उत्तराची वाट पाहू लागलं. पण चालक गजाननभाऊ ना ‘हो’ दाबत, ना ‘जमत नाही’. म्हणून पल्लवीनं वेळेची मर्यादा घातली : वेळेत उत्तर नाही, तर दुसरा टेम्पो. भाऊंनी वेळेत ‘हो’ दाबलं आणि अंघोळीला गेले!

“ताई, तोंडावर नाही कसं म्हनाव? बरं दिसते का?” भाऊंचा खुलासा.

सुमनबाईंनी बजावलं, “आता येक डाव मेथी वाळली का आमी सारे हे ॲप काढून टाकतो.”

पल्लवीच्या आईनं पुण्यातल्या नोकरीची जाहिरात पाठवली.

पल्लवीनं भाऊंना फोन लावला. “भाऊ, तुम्ही नाही म्हणालात तर ॲप लगेच दुसरा टेम्पो शोधतं. रागावणार नाही कोणी.”

* * *

बाजाराच्या सकाळी तिचा फोन वाजला. गजाननभाऊ : ‘जमत नाही.’ पल्लवी खुर्चीवरून उडालीच! ॲपनं लगेच दुसऱ्या चालकाला विचारलं, तो आला, मेथी हिरवीगार बाजारात पोचली.

“राहू दे बाई तुहं ॲप आमच्या फोनात,” सुमनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पल्लवी पेढे घेऊन गजाननभाऊंच्या घरी. मीही बरोबर.

“कायचे पेढे, ताई?”

“तुम्ही नाही म्हणालात, त्याचे!”

भाऊंनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला.

“मंग उद्याबी येऊ नको का?”